उकियो-ए: ज्या चित्राची मूळ प्रत कुठेच नसते

होकुसाई या जपानी चित्रकाराची ती भलीमोठी लाट बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते. टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर, कॅफेच्या भिंतीवर. ती आवडलेला माणूस हमखास विचारतो, की याचं मूळ चित्र कुठल्या संग्रहालयात आहे? ते कुठेच नाही. होकुसाईने शाईने काढलेलं रेखाटन लाकडाच्या फळीवर चिकटवलं गेलं आणि ठसा कोरताना सुरीखाली संपलं. लंडन, न्यूयॉर्क, टोकियोच्या संग्रहालयांत दिसतात त्या ठशांवरून काढलेल्या प्रती, आणि त्या छापणारे हात होकुसाईचे नव्हते.

त्यामुळे उकियो-ए, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेली ही जपानी चित्रं, बघताना चित्रकार कोण, एवढं विचारून भागत नाही. कोरलं कुणी, छापलं कुणी, पैसे कुणी घातले, ही प्रत कितव्या खेपेची, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे. त्यांची बरीचशी उत्तरं त्या कागदावरच असतात. फक्त कुठे बघायचं ते कळलं पाहिजे.

आधी शहराबद्दल थोडं. एदो म्हणजे आजचं टोकियो. १६०३ साली तोकुगावा इएयासू शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, झाला आणि राज्यकारभाराचं ठाणं एदोला आलं. सरदारांना ठरावीक काळ एदोत राहण्याची सक्ती होती. त्यांच्याबरोबर लवाजमा आला, लवाजम्यामागे व्यापारी, सुतार, न्हावी, हमाल, खानावळवाले आले. १६५७ च्या आगीत शहराचा मोठा भाग बेचिराख झाला, तो पुन्हा उभा राहिला, आणि अठराव्या शतकात एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली. या शहरात व्यापारी-कारागिरांच्या हातात पैसा होता, पण समाजातलं स्थान सामुराईंच्या खालचं आणि राजकारणात शब्द नाही. हा पैसा काबुकी नाटकांत, सुमो कुस्त्यांत, चहाच्या दुकानांत, कपड्यालत्त्यांत आणि योशिवारा या परवानाधारक वेश्यावस्तीत खर्च व्हायचा.

‘उकियो’ हा मूळचा बौद्ध वळणाचा शब्द, अर्थ दुःखमय संसार. एदोकरांनी उच्चार तोच ठेवून लिहिताना अक्षर बदललं आणि अर्थ केला ‘तरंगतं जग’: आज आहे, उद्या नाही, तर आजच मजा करून घ्या. ‘ए’ म्हणजे चित्र. या तरंगत्या जगाची चित्रं ती उकियो-ए.

ती स्वस्त होती, हे विसरता कामा नये. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साधारण ३९ बाय २६ सेंटीमीटरच्या ‘ओबान’ आकाराच्या रंगीत चित्राला सुमारे २० मोन (मोन हे तेव्हाचं नाणं) पडायचे, आणि सोबा नूडल्सचा एक वाडगा १६ मोनला मिळायचा. म्हणजे एका जेवणाच्या आसपास. लोक ती भिंतीवर, पडद्यावर चिकटवायचे, गावी परतताना भेट म्हणून न्यायचे. वजनाला हलकी, गुंडाळून बोचक्यात मावणारी.

काळ्यापासून जरतारीपर्यंत

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्रकार हिशिकावा मोरोनोबूच्या काळात छपाई फक्त काळ्या शाईची होती. रंग हवा असेल तर छापल्यावर हाताने भरायचा. त्यात सर्वांत ठसठशीत रंग आपल्या ओळखीचा, शेंदूर. ही चित्रं नावानेही शेंदराचीच, ‘तान-ए’. १७४० च्या दशकात गुलाबी आणि हिरवा असे एक-दोन रंग ठशांनी छापले जाऊ लागले. खरी उडी १७६५ सालची, पानिपतानंतर चारच वर्षांनी, आणि तिला कारण ठरलं कॅलेंडर.

जपानी कालगणना तेव्हा आपल्या पंचांगासारखीच चांद्र-सौर होती, अधिक महिन्यासकट. महिने २९ किंवा ३० दिवसांचे, आणि कुठला लहान, कुठला मोठा हे दरवर्षी बदलायचं. महिनाअखेरीला उधाऱ्या चुकवायच्या असल्यामुळे हे माहीत असणं गरजेचं होतं. पण पंचांग छापण्याचा हक्क सरकारमान्य छापखान्यांनाच होता. मग हौशी श्रीमंतांनी शक्कल लढवली. चित्रातल्या बाईच्या किमोनोच्या नक्षीत, ओबीवर, म्हणजे किमोनोच्या कमरपट्ट्यावर, महिन्यांचे आकडे लपवायचे आणि अशी चित्रं नववर्षाला आपसांत वाटायची. १७६५ साली या मंडळींनी सुझुकी हारुनोबू या चित्रकाराकडून अशी चित्रं करवून घेतली आणि खर्चाला हात आखडता घेतला नाही. पाच-सहा, आठ-दहा रंग, प्रत्येकाचा वेगळा ठसा. पुढे प्रकाशकांनी त्याच ठशांवरून आकडे काढून टाकले आणि चित्रं बाजारात आणली. जरीच्या कापडासारखी दिसणारी म्हणून त्यांचं नाव पडलं ‘निशिकी-ए’, जरतारी चित्रं.

चार माणसांचं काम

प्रकाशक (हानमोतो) विषय ठरवतो, पैसे घालतो, विकतो. चित्रकार (एशी) रेखाटन देतो. होरिशी कोरतो. सुरिशी छापतो. चित्रावर चित्रकाराची सही आणि प्रकाशकाचं चिन्ह असतं. कोरणाऱ्याचं नाव क्वचित, छापणाऱ्याचं त्याहून क्वचित. आणि चित्र उभं राहतं ते याच दोघांवर.

कोरण्यासाठी रानचेरीचं लाकूड. कठीण, एकसारखं, बारीक रेषेचं. पाणी वारंवार लागूनही रेषेची कड टिकते. फळी खोडाच्या लांबीच्या दिशेने काढलेली. चित्रकाराचं पक्कं रेखाटन पातळ कागदावर, फक्त काळ्या रेषांत असतं. फळीला भाताची खळ लावून हे रेखाटन पालथं चिकटवतात. पालथं यासाठी, की ठसा उलटा हवा, म्हणजे छाप सुलटी येते. मग ओल्या बोटाने कागदाची पाठ हलके चोळून तंतूंचे थर सोलून काढतात आणि वर किंचित तेल लावतात. कागद पारदर्शक होतो, रेषा लाकडावरच काढल्यासारखी दिसू लागते. इथे खळ असमान लागली तर कागद कोरताना उचकटतो आणि रेषा हातची जाते.

कोरणारा रेषेवर कोरत नाही. रेषेच्या दोन्ही बाजूंनी सुरीने काप देतो आणि मधली रेषा उभी ठेवतो. मग पटाशी आणि मोगरीने आजूबाजूचं लाकूड काढून टाकतो. सर्वांत अवघड जागा बाईच्या कपाळावरची केसांची कड. केस एकेक सुटे, मुळाशी निमुळते, आणि एका मिलिमीटरमध्ये एकाहून जास्त. चित्रकार तिथे सगळे केस काढून देतच नाही, नुसती दिशा दाखवतो. बाकीचं कोरणाऱ्याच्या अंदाजावर. म्हणून कारखान्यात चेहरा आणि केस मुख्य कारागीर कोरायचा, कपडे आणि मागची झाडं-घरं शिकाऊंकडे जायची. चित्रकार उतामारोच्या चित्रांतल्या बायकांच्या केसांचं आपण कौतुक करतो, त्यात मोठा वाटा या निनावी माणसाचा आहे. तो त्याला मिळायला हवा.

हा झाला रेषेचा ठसा. त्यावरून काळ्या शाईत डझनभर प्रती काढतात आणि चित्रकाराकडे पाठवतात. तो एकेका प्रतीवर एकेका रंगाची जागा तांबड्या शाईने दाखवतो. त्या प्रती पुन्हा फळ्यांवर पालथ्या चिकटवून रंगांचे ठसे कोरले जातात. लाकूड महाग, म्हणून बऱ्याचदा फळीच्या दोन्ही बाजूंना कोरायचे.

दहा-पंधरा ठसे एकाच कागदावर तंतोतंत बसतात ते दोन खाचांमुळे. प्रत्येक ठशाच्या एका कोपऱ्यात काटकोनी खाच असते आणि त्याच कडेला थोड्या अंतरावर सरळ खाच. दोन्ही मिळून ‘केंतो’. कागदाचा कोपरा पहिलीत, कड दुसरीला टेकवून, मग कागद खाली सोडायचा. इतकंच. पण या खाचा रेषेच्या ठशाबरोबरच कोरलेल्या असतात आणि रंगाच्या प्रत्येक ठशावर त्याच छापातून उतरतात, त्यामुळे सगळे ठसे एकमेकांशी बांधले जातात.

छापताना काय बिघडतं

कागद तुतीच्या जातीतल्या कोझो झाडाच्या सालीचा, लांब धाग्यांचा. वीस वेळा घासलं तरी फाटत नाही. तो कोरा वापरला तर शाई टीपकागदासारखी पसरते, म्हणून सरस आणि तुरटीच्या पाण्याचा हात देऊन वाळवतात. सरस कमी पडला तर रंग फुटतो. जास्त झाला तर कागद कडक होतो आणि रंग आत शिरत नाही, वरच बसतो.

छपाईच्या आदल्या दिवशी कागद दमट करून, थप्पी रचून रात्रभर ठेवतात, म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. ही ओल हाच सगळ्या छपाईचा प्राण. कागद ओला झाला की वाढतो, सुकला की आखडतो. पहिला रंग छापताना जी ओल होती तीच दहाव्या रंगाला हवी. मध्ये कागद सुकला तर किमोनोचा तांबडा ओठाबाहेर आलेल्या लालीसारखा रेषेबाहेर सांडतो. ठसाही पाणी पिऊन फुगतो. अशा वेळी छापणारा खाच किंचित तासतो किंवा तिच्यात लाकडाची चिपटी बसवतो.

ठशावर रंग, पाणी आणि थोडी खळ टाकून घोड्याच्या केसांच्या ब्रशने सारखं करतात. खळ नसेल तर रंग तीळ पेरल्यासारखा ठिपक्याठिपक्यांनी उमटतो. जपानी कारागीर त्याला तिळाचंच नाव देतात, ‘गोमा-झुरी’. खळ फार झाली तर ठसा कागदाचे तंतू ओढतो. मग कागद ठेवून मागून बारेनने घासायचं. यंत्र नाही, दाबपट्टी नाही. बारेन म्हणजे तळहाताएवढी चकती. तिच्यात बांबूच्या खोडावरच्या पात्याचे धागे पिळून केलेली दोरी गुंडाळीसारखी बसवलेली, आणि वरून त्याच पात्याचं आवरण. दोरीच्या पिळाच्या बारीक गाठी रंग कागदात ठोकून बसवतात. जोर मनगटाचा नाही, खांद्यापासूनचा आणि अंगाच्या वजनाचा.

आधी रेषा, मग सहसा फिके आणि लहान भाग, नंतर मोठे आणि गडद. सर्वांत शेवटी बोकाशी, म्हणजे वरून गडद आणि खाली विरत जाणारं आकाश. ही छटा ठशात कोरलेली नसते, ठसा तिथे सपाट असतो. छापणारा ओल्या फडक्याने ठशाचा भाग पुसतो, वरच्या कडेला रंग ठेवतो आणि ब्रश एका दिशेने फिरवून तो पाण्यात विरवतो. लाकूड कोरडं राहिलं तर छटेऐवजी पट्टा येतो, जास्त ओलं असेल तर रंग खाली धावतो. आणि हे प्रत्येक कागदाला नव्याने. एका खेपेला साधारण दोनशे प्रती, म्हणजे दोनशे वेळा तेच आकाश. चित्र चांगलं खपलं की प्रकाशक पुढच्या खेपांत पहिली काटछाट याच कामात करायचा. त्यामुळे उशिराच्या प्रतींत बोकाशी आखूड, ढोबळ किंवा गायब दिसते.

रंग, आणि त्यांचं पुढे काय झालं

या रंगांची यादी मराठी माणसाला घरची वाटेल. गुलाबी-तांबडा ‘बेनी’ म्हणजे करडईच्या फुलांचा रंग. तीच करडई, जिचं तेल आपण खातो. पिवळा हळदीचा किंवा हरताळाचा. गेरू, नीळ, काजळीची शाई, अभ्रकाची पूड. १७९४-९५ मध्ये जेमतेम दहा महिने काम करून नाहीशा झालेल्या शाराकूने काबुकी नटांचे जे चेहरे दिले, त्यांच्यामागची करडी चमक याच अभ्रकाची आहे.

पण करडईचा रंग उन्हात उडतो. त्याहून नाजूक होता ‘त्सुयुकुसा’ या लहान निळ्या फुलाचा रस. पाण्याच्या थेंबानेही तो जातो, नुसत्या दमट हवेतही पिवळट-राखाडी होतो. दोन्ही मिसळून केलेला जांभळा तर दुहेरी कच्चा. म्हणून हारुनोबूच्या आज दिसणाऱ्या तपकिरी, मवाळ रंगांना ‘जपानी संयम’ म्हणणं चूक आहे. बरेचसे रंग उडालेले आहेत. एदोतल्या गिऱ्हाइकाने भडक, ताजी चित्रं विकत घेतली होती. कृत्रिम निळा, ज्याचा शोध बर्लिनमध्ये लागला आणि ज्याला जपानीत त्या शहरावरूनच ‘बेरो’ म्हणतात, तो १८३० च्या सुमारास स्वस्तात मिळू लागला आणि चित्रांचं रूपच पालटलं. टिकाऊ, गडद, आणि बोकाशीत सुंदर विरणारा. होकुसाईची लाट आणि एकूणच फुजी पर्वताच्या ३६ दृश्यांची मालिका (खप इतका झाला की ती ४६ वर गेली) याच निळ्यावर उभी आहे.

सरकारचा शिक्का

१७९० पासून चित्र छापण्याआधी तपासणीचा शिक्का घ्यावा लागायचा. छोट्या गोलात ‘किवामे’, म्हणजे ‘पाहिलं, मंजूर’. तो रेखाटनावरच उमटवायचे आणि रेखाटनासोबत तोही कोरला जायचा. नियम वाढत गेले. १७९३ साली चहाच्या दुकानातल्या मुलींची नावं चित्रावर घालायला बंदी आली, तर उतामारो नावाऐवजी चित्रकोडं घालू लागला, आणि काही वर्षांत त्यावरही बंदी आली. १८०४ साली तोयोतोमी हिदेयोशी या सोळाव्या शतकातल्या सत्ताधीशावरच्या चित्रांसाठी त्याला पन्नास दिवस हातात बेड्या घालून राहावं लागलं. १८४२ मध्ये नट आणि गणिकांच्या चित्रांनाच मनाई झाली, ठशांची संख्या आणि किंमतही बांधून दिली गेली. निसर्गदृश्यं आणि वीरपुरुष बाजारात भरून राहिले, त्यात या बंदीचाही हात आहे.

योशिवाराबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चित्रांतल्या त्या रेशमी गणिका बहुतेक गरीब घरांतून लहानपणी विकल्या गेलेल्या, कर्जाने बांधलेल्या मुली होत्या. चित्रं ही वस्तीची जाहिरात होती. तिच्यात हे दिसणार नाही.

दोन चित्रं जवळून

चित्रकार हिरोशिगेच्या ‘एदोची शंभर प्रसिद्ध ठिकाणं’ या मालिकेतली दोन चित्रं घेऊ. प्रकाशक उओया एइकिची, दोन्ही १८५७ ची.

पहिलं, शिन-ओहाशी पुलावरची अचानक आलेली सर. माणसं चटया, छत्र्या डोक्यावर घेऊन पळताहेत, नदीत एकटा तराफेवाला. सगळ्या कागदावर पावसाच्या केसाएवढ्या रेषा. या रेषा लाकडात उभ्या ठेवलेल्या आहेत, प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून. आणि पाऊस दोन ठशांवर, किंचित वेगळ्या कोनांत विभागलेला आहे, म्हणून तो आखीव वाटत नाही, कोसळतो. माथ्यावरच्या काळ्या ढगाला तर कोरलेला आकारच नाही. ओल्या सपाट ठशावर छापणाऱ्याने रंग सोडून तो घडवलाय. त्यामुळे कुठल्याही दोन प्रतींतला ढग सारखा नसतो. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हे चित्र तैलरंगात उतरवलं, पण त्याचा पाऊस ब्रशचा आहे. लाकडाची ती धार तिथे नाही.

दुसरं, खिडकीत बसलेली मांजर. आपल्याकडे पाठ करून, गजांतून बाहेर बघते आहे. बाहेर संध्याकाळ, भातखाचरं, फुजी, आणि दूर बांधावरून उत्सवाला जाणाऱ्यांची मुंगीएवढी रांग. खोली योशिवारातली. बाई दिसत नाही. खिडकीत तिचा टॉवेल आणि पाण्याचं भांडं, जमिनीवर उत्सवातून आलेल्या, केसात खोवायच्या, दाताळ्याच्या आकाराच्या पिना. मालिकेतलं सर्वांत शांत चित्र हे, आणि माझ्या मते सर्वांत उदासही.

प्रत हातात आली तर

टोकियोच्या जिम्बोचोतल्या दुकानांत किंवा ऑनलाइन लिलावात प्रत घेणार असाल तर आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. रंगात छोटे ठिपके ओळीने दिसले तर ती ऑफसेटची, म्हणजे यंत्रावर छापलेली प्रत. मग कागद उलटा करा. हातछपाईत रंग मागे झिरपलेला दिसतो आणि बारेनचे वळसे उमटलेले असतात. पुढे कपाळावरचे केस बघा: सुटे आणि टोकदार असतील तर ठसा ताजा असतानाची प्रत, जाड झालेले किंवा तुटलेले असतील तर झिजलेल्या ठशाची. रेषेत अचानक आलेली फट फळीला गेलेल्या चिरेमुळे असू शकते. सगळंच व्यवस्थित, कागद पांढराशुभ्र आणि रंग करकरीत असतील, तर बहुधा नव्याने कोरलेल्या ठशांची आधुनिक प्रत आहे. तशी सांगून विकली असेल तर जरूर घ्या. एदोच्या गिऱ्हाइकाला चित्र कसं दिसलं असेल ते तीच जास्त खरं सांगते.

जुनी प्रत कायमची भिंतीवर लावू नका. संग्रहालयं ५० लक्सच्या मंद उजेडात थोडेच आठवडे ठेवतात आणि मग दीर्घकाळ अंधारात विसावा देतात. लॅमिनेशन तर नकोच. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ओलसर भिंतीला टेकलेल्या फ्रेममध्ये बुरशी हमखास धरते, म्हणून आम्लविरहित कागदाच्या घडीत, कोरड्या कपाटात, आडवी ठेवा.

आणि त्या मांजरीची चांगली प्रत कुठल्या प्रदर्शनात दिसली तर समोरून बघून पुढे जाऊ नका. एका बाजूला सरका, उजेड तिरका पडेल असे उभे राहा. मांजरीचं पांढरं अंग कागदातून किंचित वर आलेलं दिसेल. तिथे रंगाचा थेंब नाही. खोलगट कोरलेल्या ठशावर ओला कागद ठेवून छापणाऱ्याने तो मागून, बऱ्याचदा कोपराने, आत दाबलाय. उशिराच्या प्रतींत तीच मांजर सपाट असते.